विश्लेषण : ‘सिंहगड’चा शेवट आज कुणालाच का पाहता येत नाही? तलवारबाजी पडद्यावर आणणाऱ्या बाबूराव पेंटर यांची गोष्ट

तानाजी पडला, गड ताब्यात आला. हा शेवट ठाऊक असूनही मराठी प्रेक्षक शंभर वर्षे तो पुन्हा पुन्हा पाहत आला आहे. तो पहिल्यांदा पडद्यावर गाजवणारा १९२३ चा मूकपट मात्र आज उपलब्ध नाही. हा चित्रपट कुणी केला, कसा केला आणि तो गेला कुठे?

जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ प्रदर्शित झाला, तेव्हा अमरावती-अकोल्यातल्या चित्रपटगृहांतही गर्दी होती. आता तोच चित्रपट बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर पाहता येतो. शेवटच्या लढाईत काय होणार, हे चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून सगळ्यांना माहीत असते. तरी ती लढाई सुरू झाली की बोट पुढे सरकत नाही.

या लढाईचा पडद्यावरचा प्रवास अजय देवगणपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो कोल्हापुरात, १९२३ मध्ये. चित्रपटाचे नाव ‘सिंहगड’ आणि दिग्दर्शकाचे नाव बाबूराव पेंटर. त्या वेळी चित्रपटाला आवाज नव्हता आणि रंगही नव्हता. पण रात्रीची चढाई, ढाल-तलवारीची झटापट आणि वीराचा मृत्यू हे सारे भव्य स्वरूपात दाखवता येते, हे या चित्रपटाने सिद्ध केले.

‘सिंहगड’च्या शेवटात असे काय आहे?

आधी इतिहास थोडक्यात. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणा होता. आग्र्याहून सुटका झाल्यानंतर काही काळाने महाराजांनी हे किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह कोंढाण्याचा कडा चढून गेले. मोगलांकडून राजपूत किल्लेदार उदयभान लढत होता. दोघे समोरासमोर आले आणि दोघेही त्या लढाईत पडले. सेनापती गेल्यावर मावळ्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी त्यांना सावरले आणि गड घेतला.

सभासदाच्या बखरीत लढाईचा एक तपशील आहे. तानाजींची ढाल तुटली आणि त्यांनी डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलले. पुढे शाहिरांनी या प्रसंगाला पोवाड्याचे रूप दिले. कड्यावर चढणारी घोरपड, रायबाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप, ऐंशी वर्षांचे शेलारमामा ही सारी चित्रे पोवाड्यातून घराघरांत पोचली. किल्ल्याला सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर मिळाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हे नाव त्याआधीच्या कागदपत्रांतही आढळते. पण लोकांच्या मनात नाव आणि मृत्यू यांची गाठ पक्की बसली आहे.

वऱ्हाडातल्या वाचकाला अशा शेवटाची ओळख वेगळ्या ठिकाणीही होते. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हल्ला केला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता दरवाजाजवळ पडला. तिथे गडही गेला आणि गड राखणाराही गेला. सिंहगडाच्या कथेचे वेगळेपण इथेच आहे. तिथे विजय मिळतो, पण विजयाच्या आनंदाला जागा उरत नाही. मिळवले किती आणि गमावले किती, याचा हिशेब मांडूनच ती कथा संपते.

हरी नारायण आपटे यांनी या कथेवर ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. बाबूरावांचा ‘सिंहगड’ या कादंबरीवर आधारलेला होता.

बाबूराव पेंटर कोण होते?

त्यांचे खरे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम आणि चित्रकला अशा अनेक कामांत तरबेज होते. त्यामुळे घरातच कारखाना होता आणि शाळाही तीच होती. बाबूरावांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. हातात हत्यार आणि कुंचला दोन्ही लहानपणीच आले.

चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांनी नाटकांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. तो संगीत नाटकांच्या भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे प्रत्येक स्थळ पडद्यावर रंगवलेले असे. नाटक मंडळ्या पुण्या-मुंबईपासून वऱ्हाड-नागपूरपर्यंत दौरे करत आणि नटांइतकीच चर्चा पडद्यांची होई. १९१० ते १९१६ या काळात मेस्त्री बंधू पश्चिम भारतातले नावाजलेले पडदे रंगवणारे झाले. ‘पेंटर’ हे नाव या कामामुळेच त्यांना चिकटले आणि पुढे आडनाव बनून राहिले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हलणारे चित्र पाहिल्यावर दोघा भावांना रंगवलेला पडदा अपुरा वाटू लागला. त्यांनी कोल्हापुरात चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. पण त्यांना चित्रपट दाखवायचा नव्हता, बनवायचा होता. त्यासाठी कॅमेरा हवा होता आणि परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. मग कॅमेरा घरीच बनवायचे ठरले.

कॅमेरा घरी कसा बनला?

सुरुवात आनंदरावांनी केली. पण काम पूर्ण होण्याआधीच १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभराचा जोडीदार गेला आणि अर्धवट यंत्र मागे राहिले. बाबूरावांनी ते सोडून दिले नाही. विष्णुपंत दामले या हुशार शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी काम चालू ठेवले आणि १९१८ च्या सुमारास चालणारा कॅमेरा तयार झाला. आज मोबाइलच्या पाठीवर तीन-तीन कॅमेरे असतात. त्या काळी एका गावात बसून, सुतार-लोहाराच्या कसबावर, फिल्म नेमक्या गतीने पुढे सरकवणारे यंत्र बनवणे म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून करता येईल.

१ डिसेंबर १९१७ रोजी कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ची स्थापना झाली. भांडवलासाठी सावकार किंवा पेढी पुढे आली नाही. पुढे आल्या तानीबाई कागलकर. त्या कोल्हापुरातल्या नामवंत गायिका होत्या. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव फार कमी वेळा घेतले जाते. पण कंपनी उभी राहिली ती त्यांच्या पैशावर.

कंपनीत जमलेली माणसेही पाहण्यासारखी आहेत. दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, बाबूराव पेंढारकर आणि थोड्या काळाने आलेला शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. पगार बेताचा, काम पडेल ते. सेट उभारणे, रंग लावणे, फिल्म धुणे, अभिनय करणे हे सगळे सगळ्यांनी करायचे. मराठी चित्रपटाची पहिली कार्यशाळा म्हणता येईल अशी ही जागा होती.

पहिल्याच चित्रपटाने खळबळ का उडवली?

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. विषय महाभारतातला कीचकवध. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग बाबूरावांनी इतका अंगावर येणारा केला की प्रेक्षागृहात बायका घाबरून गेल्याच्या हकिकती सांगितल्या जातात. पुढे तो भाग कापावा लागला.

या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. तेव्हा चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई आणि फाळक्यांनाही ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाकडून करून घ्यावी लागली होती. हे लक्षात घेतले तर दोघींच्या धाडसाचे मोल कळते.

लोकमान्य टिळकांनी ‘सैरंध्री’ पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्यामुळे टिळकांचा शब्द वऱ्हाडात किती मानला जाई, हे वेगळे सांगायला नको. अशा माणसाने सिनेमाची दखल घेणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती, कारण सुशिक्षित घरांत सिनेमा अजून जत्रेतला खेळ समजला जाई.

‘सिंहगड’मध्ये नवीन काय होते?

पौराणिक चित्रपटात चमत्कार चालतात. देव प्रकट होतो, राक्षस अदृश्य होतो. ‘सिंहगड’मध्ये तशी सोय नव्हती. इथे माणसे होती, हातात शस्त्रे होती आणि प्रेक्षकांपैकी अनेकांनी तालमीत ती शस्त्रे स्वतः फिरवली होती. दांडपट्टा, लाठी, फरीगदगा हे तेव्हा गावोगावच्या आखाड्यांतले रोजचे खेळ. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानेही हे मर्दानी खेळ जपले. मंडळाच्या पथकाने पुढे १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. अशा प्रेक्षकासमोर खोटी तलवारबाजी टिकली नसती.

कोल्हापूर तर शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीची पंढरी. कसलेले, चपळ शरीर म्हणजे काय, हे तिथे कुणाला शिकवावे लागत नव्हते. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार अशी मंडळी कंपनीच्या चित्रपटांतून गाजली. ‘सिंहगड’मध्ये स्वतः बाबूरावही पडद्यावर दिसले.

सर्वांत मोठी अडचण प्रकाशाची होती. त्या काळी चित्रण उन्हात होई. सेटला छत नसे, असले तर कापडाचे. तानाजींची चढाई मात्र रात्रीची. बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी विजेच्या कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटात असा वापर करण्याचा मान या चित्रपटाला दिला जातो. उजेड हवा तिथे पाडायचा, नको तिथे अंधार ठेवायचा, हे चित्रकाराचे काम त्यांनी पहिल्यांदा दिव्यांकडून करून घेतले.

दुसरा बदल सेटचा. ज्या माणसाने वर्षानुवर्षे पडदे रंगवले, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हटवला आणि ठोस, खोली असलेले सेट उभे केले. माणूस भिंतीसमोर नव्हे तर जागेत वावरू लागला. तलवारीच्या लढाईत याला फार महत्त्व असते. मागे सरकायला, वळायला, आडोसा घ्यायला खरी जागा असेल तरच लढाई खरी वाटते. वेशभूषा, हालचाली, पात्रांची ठेवण यांची रेखाटने ते आधी करून ठेवत आणि मग चित्रण होई.

या चित्रपटात शेलारमामांची भूमिका केली व्ही. शांताराम यांनी. पोवाड्यातला ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि तो साकारणारा जेमतेम एकविशीतला मुलगा. लोककथेनुसार तानाजी पडल्यावर उदयभानाला संपवतात ते शेलारमामाच. तेव्हा भारतीय चित्रपटाच्या पुढच्या चाळीस वर्षांवर ठसा उमटवणारा माणूस या प्रसिद्ध शेवटात पांढऱ्या दाढीमिशा लावून उभा होता.

चित्रपट चालला आणि कर आला?

‘सिंहगड’ला तुफान गर्दी झाली. ती पाहून महसूल खात्याचे लक्ष सिनेमाकडे गेले आणि मुंबई इलाख्यात करमणूक कर लागू झाला, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. कर १९२३ मध्येच आला, हे खरे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताशी जोडलेला होता, त्यामुळे मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. पण चित्रपटाच्या धंद्याची वाट लवकरच इथूनही जाऊ लागली. पुढच्या काळात मध्य प्रांत-वऱ्हाड या वितरण विभागाचे अमरावती हे मोठे केंद्र झाले. फिल्मचे डबे इथून गावोगावी रवाना होत.

योगायोग असा की, २०२० मध्ये ‘तान्हाजी’ला महाराष्ट्र सरकारने राज्य जीएसटीत सवलत दिली. ज्या कथेच्या पहिल्या गाजलेल्या चित्रपटाशी कराची सुरुवात जोडली जाते, त्याच कथेला ९७ वर्षांनी करमाफी मिळाली.

चित्रपट विकायचा कसा, हेही बाबूरावांना कळत होते. चित्रांसह माहितीपुस्तिका त्यांनी १९२१-२२ पासूनच काढल्या आणि पोस्टर स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर भारतातल्या उपलब्ध सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरपैकी मानले जाते. याच चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले. यातच मास्टर विठ्ठल नर्तकीच्या छोट्या भूमिकेत दिसले. हेच विठ्ठल मुंबईला जाऊन तलवारबाजीच्या मूकपटांचे सर्वांत लाडके नायक झाले आणि १९३१ मध्ये पहिल्या भारतीय बोलपटाचे, ‘आलम आरा’चे नायकही तेच होते.

मग तलवार सोडून ते शेतकऱ्याकडे का वळले?

धंदा ऐन भरात असताना बाबूरावांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. एका शेतकऱ्याची जमीन सावकार लबाडीने हडप करतो आणि शेतकऱ्याला गाव सोडून शहरात गिरणीत मजुरी करावी लागते. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. सरकी आणि पेरणीसाठी काढलेले कर्ज, अंगठा उठवलेला कागद, शेतावरची जप्ती आणि शेवटी गाडीत बसून शहर गाठणे, हे वऱ्हाडातल्या किती घरांनी पाहिले आहे. १९२५ मध्ये ते पडद्यावर आणणे हे ‘सिंहगड’इतकेच धाडसाचे होते. इथे तलवार नव्हती, पण लढाई होती आणि तिचा शेवट शेतकऱ्याच्या विजयात होत नव्हता.

समीक्षक या चित्रपटाला आज भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात मानतात. प्रेक्षकांनी मात्र तेव्हा त्याला हवा तसा प्रतिसाद दिला नाही. देव आणि वीर पाहायला आलेल्या गर्दीला आपलेच घर पडद्यावर नको होते. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. पण हा विषय त्यांच्या मनातून गेला नाही. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा बनवला.

शिष्य का निघून गेले?

बाबूराव हे मनस्वी कलावंत होते. काम मनासारखे होईपर्यंत थांबायचे, मन लागले नाही तर बाजूला ठेवायचे, असा स्वभाव. चित्रपट कंपनीला मात्र ठरलेल्या तारखा, पगार आणि देणी असतात. हाताशी तयार झालेली मुले आता स्वतः चित्रपट करू शकत होती. १९२७ मध्ये शांताराम यांनी कंपनीसाठी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला होता.

अखेर १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांना भागीदार घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू केली. एका फटक्यात महाराष्ट्र फिल्म कंपनीची कमावती माणसे गेली. त्याच सुमारास बोलपट आला. मूकपटाच्या तंत्रावर उभा असलेला सारा डोलारा जुना ठरला. दोन-तीन वर्षांतच कंपनी बंद पडली.

प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. १९३३ मध्ये शांताराम यांनी बोलपट केला तो ‘सिंहगड’. तीच कादंबरी, तोच गड, तोच शेवट. दहा वर्षांपूर्वी शेलारमामा झालेला शिष्य आता दिग्दर्शकाच्या जागी होता आणि मावळ्यांच्या तोंडी आता शब्द होते. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या सगळ्यांचे हात तयार झाले होते ते बाबूरावांच्या कारखान्यात.

तलवारबाजीचे चित्रपट असेच का संपतात?

बाबूरावांच्या काळात अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स तलवार फिरवत होता. ‘द मार्क ऑफ झोरो’ १९२० चा, ‘रॉबिन हूड’ १९२२ चा. तिथे नायक जिंकतो आणि हसत हसत नायिकेकडे जातो. आशियातल्या तलवारबाजीच्या श्रेष्ठ चित्रपटांचा शेवट बहुधा वेगळा असतो. अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये गाव वाचते, शेतकरी भात लावायला लागतात आणि उरलेले सामुराई टेकडीवरच्या साथीदारांच्या थडग्यांकडे पाहत उभे राहतात. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मध्ये अखेरच्या लढाईनंतर जखमी भिक्षूच्या अंगातून सोनेरी रक्त वाहते आणि चित्रपट लढाईच्याही पलीकडे निघून जातो.

सिंहगडाची कथा याच कुळातली आहे. शत्रू मरतो, उद्दिष्ट साधते, तरी पडद्यावर शेवटी उरते ते रिकामे झालेले स्थान. म्हणूनच शेवट ठाऊक असला तरी या कथेची ओढ कमी होत नाही. प्रेक्षक काय होणार हे पाहायला येत नाही, त्याची किंमत कुणी कशी मोजली हे पाहायला येतो. पुढे भालजी पेंढारकरांपासून आजच्या शिवकालीन चित्रपटांपर्यंत हा साचा चालत आला आहे.

मग १९२३ चा ‘सिंहगड’ गेला कुठे?

मूकपट नायट्रेट फिल्मवर चित्रित होत. ही फिल्म चटकन पेट घेते आणि उष्ण, दमट हवेत चिकट होऊन कुजते. आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिचे वैरी. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत राहिली नाही. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठीही अनेक प्रती नष्ट केल्या गेल्या. जपून ठेवावे असे कुणाला वाटले नाही, कारण तो धंद्याचा माल होता, वारसा नव्हता.

भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले. त्यांतले पूर्ण किंवा अर्धवट मिळून तीसच्या आसपासच आज उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे ‘सिंहगड’नंतर ४१ वर्षांनी. तोवर बहुतेक सारे संपले होते. बाबूरावांच्या मूकपटांचे काही तुकडेच उरले. ‘सिंहगड’ची पूर्ण प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. तानाजी कसे पडले, दिव्यांचा उजेड त्यांच्यावर कसा पडला, एकविशीतले शांताराम म्हातारे होऊन कसे लढले, हे आता कुणालाच पाहता येणार नाही.

बाबूरावांची अखेर कशी झाली?

कंपनी गेल्यावरही ते थांबले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ आणि १९३७ मध्ये ‘प्रतिभा’ केला. चित्रे आणि शिल्पे चालूच होती. १९४७ मध्ये शांताराम यांनी आपल्या राजकमल कलामंदिरच्या ‘लोकशाहीर राम जोशी’च्या दिग्दर्शनासाठी जुन्या गुरूंना बोलावले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही दोन नावे शेजारी शेजारी आली. निघून गेलेला शिष्य आणि मागे राहिलेला गुरू यांची ती पडद्यावरची भेट होती. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हा बाबूरावांचा अखेरच्या काळातला चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या जागेजवळ, खरी कॉर्नर परिसरात आज कॅमेऱ्याचे स्मारक आहे. घरी कॅमेरा बनवणाऱ्या माणसाचे याहून योग्य स्मारक दुसरे असू शकत नाही. मात्र त्या कॅमेऱ्याने टिपलेला गड, मावळे आणि ती रात्र आपण राखू शकलो नाही.

यातून आपल्यापुरता एक धडा घेता येईल. अमरावती, अकोला आणि आसपासच्या गावांत जुनी चित्रपटगृहे, वितरकांची कार्यालये, आखाडे आणि नाटक मंडळ्या यांचे कागद, पोस्टर, छायाचित्रे, फिल्मचे गंजलेले डबे अजून कुणाच्या माळ्यावर असतील. रद्दीत घालण्याआधी ते एकदा उघडून पाहावेत आणि संग्रहालयाला कळवावे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तेवढे केले असते, तर ‘सिंहगड’चा शेवट आज आपल्याला मोबाइलवर पाहता आला असता.